यजमान गावाचे नाटक : झाडीपट्टी रंगभूमीच्या समीक्षेचे काही प्रश्न

१

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनाने जी वर्गवारी रूढ केली आहे, तिच्यात व्यावसायिक, हौशी, प्रायोगिक, कामगार, दलित आणि लोकरंगभूमी हे कप्पे सर्वपरिचित आहेत. या वर्गवारीमागे एक गृहीतक आहे. ते असे की, नाटक करणारा कोण आहे आणि तो ते कशासाठी करतो, हे ठरले की त्या रंगभूमीचे स्वरूप ठरते. उपजीविकेसाठी करणारा व्यावसायिक, आवडीखातर करणारा हौशी, नव्या रूपबंधाच्या शोधात असलेला प्रायोगिक, आणि परंपरेने आलेले विधिनाट्य वा रंजननाट्य करणारा लोककलावंत. पाहणाऱ्याचे, आणि त्याहीपेक्षा नाटक बोलावणाऱ्याचे, या वर्गवारीत काही काम नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ऊर्फ वडसा हे वैनगंगेकाठचे लहान गाव ही वर्गवारी अडचणीत आणते. २०११च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात पन्नासांच्या आसपास नाटककंपन्यांची कार्यालये आहेत. दिवाळीनंतर होळीपर्यंत या कंपन्यांची नाटके भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील खेड्यांत रात्रभर चालतात. कलावंत मानधन घेतात, निर्माता भांडवल गुंतवतो, तिकीट लागते. तेव्हा ही रंगभूमी व्यावसायिक ठरते. पण प्रयोग ठरवणारे आणि त्याची जोखीम घेणारे मंडळ गावातल्या शेतकरी तरुणांचे असते, ते हौशी असते, आणि नाटकाच्या निमित्ताने सारे गाव ज्या व्यवहारात ओढले जाते तो सणाचा असतो. दंडार, खडी गंमत यांसारख्या प्रकारांचे संस्कार तिच्यावर असल्याने लोकरंगभूमीचे अभ्यासकही तिच्यावर हक्क सांगतात. चारही कप्प्यांत थोडी थोडी मावणारी ही गोष्ट प्रत्यक्षात कोणत्याच कप्प्यात राहत नाही. त्यामुळे ती मराठी नाट्यसमीक्षेच्या बाहेर राहिली, असे म्हणणे अगदीच अतिशयोक्तीचे होणार नाही.

जे थोडे लिहिले गेले त्यात दोन सूर ऐकू येतात. एक सूर कौतुकाचा. शहरी नाट्यगृहे ओस पडत असताना अरण्यप्रदेशात हजारो माणसे थंडीत रात्रभर नाटक पाहतात, याचे नवल त्यात असते. त्या नवलात नाटकाकडे पाहायचे राहून जाते. दुसरा सूर तक्रारीचा. अतिरंजित कथानके, मध्येच घुसवलेल्या लावण्या आणि ‘रेकॉर्डिंग डान्स’, द्व्यर्थी विनोद, पाठांतराचा अभाव ही त्याची नेहमीची यादी आहे. ती खोटी नाही. मात्र दोन्ही सुरांत चूक एकच आहे. दोघांनीही रंगमंचावर जे घडते तेवढेच नाटक मानले आहे, आणि मग एकाने त्याच्या गर्दीचे तर दुसऱ्याने त्याच्या दर्जाचे माप घेतले आहे. झाडीपट्टीत विचारासाठी घ्यायचा घटक नाटक हा नसून नाटकाची रात्र हा आहे. तो घटक घेतला की काही आक्षेप गळून पडतात. काही मात्र अधिक गंभीर होतात, आणि त्यांचीच चर्चा आजवर कमी झाली आहे.

२

झाडी म्हणजे अरण्य. झाडांच्या या पट्ट्याची शेती धानाची आणि तलावांची आहे. हलका धान दिवाळीच्या आगेमागे निघतो, भारी धान त्यानंतर. पुंजणे रचले गेले, हातात थोडा पैसा आला, की मंडई सुरू होते. बलिप्रतिपदेला गोवारी समाजाचे गायगोधन आणि ढालीचे नृत्य, आणि त्यानंतर एकेका गावाची आपापल्या दिवशी मंडई. ती सर्वत्र एकाच दिवशी नसते, यात तिचे मर्म आहे. आज या गावचे पाहुणे त्या गावी, चार दिवसांनी त्या गावचे या गावी. लेकी माहेरी येतात, व्याही भेटतात, सोयरिकी पाहिल्या जातात. पुढे थंडी वाढली की शंकरपट भरतात. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक, ही जोडी इतकी पक्की आहे की एकाशिवाय दुसऱ्याचे गणित जमत नाही. मोठ्या गावात एकाच रात्री दोन किंवा तीन मंडळे आपापले नाटक लावतात, आणि त्यांच्यातली चढाओढ बैलजोड्यांच्या चढाओढीहून फार वेगळी नसते.

या व्यवस्थेत वडशाचे स्थान कारखान्याचे आहे. गोंदिया-बल्लारपूर लोहमार्गावरचे हे स्थानक दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वेस्थानक होते. धानाची बाजारपेठ येथे होती, नदीपलीकडे ब्रह्मपुरी होती, आणि चारही जिल्ह्यांकडे जाणारे रस्ते हाताशी होते. नागपूरहून येणारी नटी, बाहेरगावचा वादक, खेड्यातून नाटक ठरवायला आलेले मंडळाचे चार जण, या सर्वांना सोयीचे ठिकाण म्हणून हे गाव नाटकाचे झाले. त्यामागे कोणा एका द्रष्ट्याची योजना नव्हती. या बाबतीत कर्नाटकातील हेग्गोडूशी त्याची तुलना उद्‌बोधक आहे. हेग्गोडूच्या ‘नीनासम’मागे (१९४९) के. व्ही. सुब्बण्णा यांच्यासारखा विचारवंत होता. १९८०मध्ये तेथे नाट्यशिक्षणसंस्था निघाली, १९८५पासून ‘तिरुगाट’ हे फिरते नाट्यपथक कर्नाटकभर हिंडू लागले, आणि १९९१मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्याने जगाचे नाटक आपल्या अंगणात आणायचे, ही तेथील भूमिका होती. वडशाजवळ अशी भूमिका नाही. त्याचे खरे भावंड कोलकात्याचा चितपूर रस्ता आहे. तेथेही जात्रेच्या कंपन्यांची कार्यालये दाटीने बसली आहेत, तेथेही दुर्गापूजेनंतर हंगाम उघडतो आणि नाटक शहरात ठरून खेड्यात होते. हेग्गोडूची कीर्ती नाट्यविचारात झाली. चितपूर आणि वडसा व्यवहारात राहिले. समीक्षा विचार असलेल्या ठिकाणी सहज पोचते. जेथे विचार व्यवहाराच्या पोटात दडलेला असतो तेथे पोचायला तिला वेळ लागतो.

रिचर्ड शेक्‍नर यांनी प्रयोगाचा आकृतिबंध सांगताना जमणे, प्रयोग आणि पांगणे अशी त्रयी मांडली होती. झाडीपट्टीत जमणे हा टप्पा काही आठवड्यांचा असतो. दसऱ्याच्या सुमारास मंडळ वडशाला जाते, फलकांवरची छायाचित्रे पाहते, या वर्षी कोणत्या कंपनीत कोणती नटी आणि कोणता विनोदी नट आहे याची चौकशी करते, भाव ठरवते, तारीख धरते. गावी परतून शामियाना, विजेची सोय, पत्रके, पाहुण्यांना निरोप. नाटकात नफा झाला तर देवळाला किंवा शाळेला, तोटा झाला तर मंडळाच्या सभासदांच्या खिशाला. हा हिशेब नाटकाच्या बाहेरचा समजला जातो. वस्तुतः प्रयोगाच्या रात्री कनातीत बसलेल्या माणसांमध्ये जो ताण असतो तो बराचसा या हिशेबाचा असतो. नाटक पडले तर कंपनीची एक रात्र वाया जाते. गावाची मात्र पाहुण्यांसमोर फजिती होते.

म्हणून या रंगभूमीला नाव द्यायचेच असेल तर ‘यजमानाची रंगभूमी’ असे द्यावे लागेल. येथे समूह रंगमंचावर नाही आणि संहितेतही नाही. तो यजमानपणात आहे.

हे नेहमीच असे नव्हते, आणि या ठिकाणी कौतुकाचा सूर आवरावा लागतो. दंडार गावातलेच पुरुष करीत. खडी गंमतीतला शाहीर आणि नाच्या पंचक्रोशीतले असत. संगीत नाटकाचा प्रभाव पसरल्यावर गावोगावची हौशी मंडळी ऐतिहासिक आणि पौराणिक नाटके बसवू लागली. स्त्रीपार्ट गावातलाच मुलगा करी, आणि पावसाळ्यात तालमी चालत. वडशाच्या कंपन्यांनी या घरच्या नाटकाला मागे ढकलले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या हा लाभ झाला, पण त्या स्त्रिया बहुतेक बाहेरच्या होत्या. वादन सुधारले, पडदे देखणे झाले आणि गाव रंगमंचावरून खाली उतरून कनातीत बसले. करणारे गाव बोलावणारे झाले. पुढे मुंबई-पुण्याचे चित्रपट-मालिकांतले ओळखीचे चेहरे एखाद्या प्रयोगासाठी येऊ लागले तेव्हा या प्रक्रियेचे पुढचे पाऊल पडले. ही हानी आहे, आणि तिला ‘व्यावसायिकता’ हे एकच नाव देऊन मोकळे होता येत नाही. गावाने नाटक करणे सोडले तरी नाटकाची जबाबदारी सोडली नाही. मुंबईच्या प्रेक्षकाने ती कधी घेतलेलीच नव्हती.

३

रात्र हा घटक धरला की संहितेवरच्या पुष्कळ आक्षेपांचे स्वरूप बदलते. रात्री दहाच्या सुमारास उघडणारे आणि तांबडे फुटेपर्यंत चालणारे नाटक बांधीव असणे शक्य नाही, आणि त्याने बांधीव असावे अशी अपेक्षाही कोणी धरलेली नसते. पाहुण्यांपैकी अनेकांना पहाटेशिवाय परतीची सोय नसते. कडाक्याच्या थंडीत कुठे तरी बसायचेच आहे. एखादा प्रवेश झोपेत गेला तरी कथासूत्र हाती राहिले पाहिजे, म्हणून पुनरुक्ती येते. जे घडले ते एक पात्र दुसऱ्याला सांगते, दुसरे तिसऱ्याला. पुस्तकी दृष्टीला हा दोष वाटतो. कीर्तन आणि आख्यान ऐकलेल्या समाजाला तो वाटत नाही.

अभिनयाचेही तसेच. रंगमंचावर वरून सोडलेले ध्वनिक्षेपक हे या रंगभूमीचे सर्वांत प्रभावी दिग्दर्शक आहेत. वाक्य महत्त्वाचे असेल तर नटाला त्यांच्यापैकी एकाच्या खाली यावे लागते. परिणामी पात्रे एकमेकांकडे क्वचित आणि समोर नेहमी पाहतात, आणि दोघांचा संवाद हा दोघांनी गावाला केलेले निवेदन होतो. प्रॉम्प्टरचे स्थानही असेच अटळ आहे. हंगामात नट रोज नव्या गावी, बहुतेक रोज प्रवासात असतो. तालमी थोड्या होतात, आणि एकाच कंपनीची एकाहून अधिक नाटके चालू असतात. संहिता नटाच्या स्मृतीत कमी आणि प्रॉम्प्टरच्या वहीत अधिक राहते. यातून जी एक किंचित थबकून बोलण्याची लकब तयार होते, तिला वास्तववादी अभिनयाच्या कसोटीवर नापास करणे सोपे आहे. पण वही ऐकून गंभीर संवाद म्हणणारा नट आणि वही सोडून बोलणारा विनोदी नट असे दोन प्रकारचे अभिनय एकाच रंगमंचावर नांदतात, याची नोंद घेतली जात नाही. त्याचा विचार पुढे येईल.

कथानकांविषयी मात्र अधिक थांबले पाहिजे. नाटकांच्या शीर्षकांत कुंकू, सौभाग्य, बहीण, भाऊ, लेक, सून, माहेर हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. अन्याय घडतो तो बहुधा घरात. पीटर ब्रुक्स यांनी मेलोड्रामाचा विचार करताना (१९७६) असे दाखवले होते की, ज्या काळात धर्माने दिलेली नैतिक व्यवस्था डळमळते त्या काळात मेलोड्रामा सत् आणि असत् मोठ्या आवाजात, नावे घेऊन, पुन्हा उच्चारतो. हा विचार युरोपीय अनुभवातून आलेला असल्याने जसाच्या तसा येथे लावता येत नाही, कारण झाडीपट्टीत डळमळते ती धर्माची नसून नात्यांची व्यवस्था आहे. कनातीत कोण बसले आहे हे पाहिले की हे स्पष्ट होते. हंगाम भाऊबीजेला लागून उघडतो. माहेरी आलेली लेक, तिचा भाऊ, भावजय, कदाचित व्याहीसुद्धा एकाच कनातीत आहेत, आणि समोर सासरी गांजलेली बहीण भावाला हाक मारीत आहे. शहरातल्या प्रेक्षकाला जे कथानक वाटते ते येथे एक जाहीर गाऱ्हाणे असते. घरात बोलता न येणारी गोष्ट सर्व सोयऱ्यांच्या देखत, कोणाचेही नाव न घेता, मोठ्याने बोलली जाते. ज्याला अतिरंजन म्हटले जाते त्याला येथे काम आहे.

आणि तरीही या गाऱ्हाण्याची मर्यादा ठळक आहे. नाटकातली बहीण भावाजवळ माया मागते, साडीचोळी मागते, संकटात धावून येण्याचे वचन मागते. धानाच्या बांधीतला वाटा ती क्वचितच मागते. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला. झाडीपट्टीच्या रंगमंचावर मात्र तो हक्क आलाच तर बहुधा घर फोडणाऱ्या खलपात्राच्या तोंडून येतो. सोशिक बहीण हीच चांगली बहीण राहते. यजमानपणाच्या रंगभूमीला याची किंमत मोजावी लागते. ज्यांनी आमंत्रण दिले ते भाऊ आहेत, मंडळ त्यांचे आहे, आणि यजमानाला न रुचणारे पाहुण्याने बोलू नये हा संकेत कंपनीही पाळते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसारखा विषय घेऊन सदानंद बोरकर यांनी ‘आत्महत्या’ हे नाटक आणले. म्हणजे घराबाहेरचे दुःख या रंगमंचाला वर्ज्य नाही. पण १९८०पासून नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेल्या याच प्रदेशातील माडिया आणि गोंड खेड्यांचे जीवन या रंगभूमीच्या मध्यभागी कधीच आले नाही. ज्या झाडीवरून तिला नाव मिळाले, त्या झाडीत सर्वांत आत राहणारी माणसे तिच्या यजमानांत मोडत नाहीत.

४

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भाषेचा आहे. झाडीपट्टीची बोली झाडीबोली. ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण तिच्यात नाहीत. पाण्याचे ‘पानी’ होते, डोळ्याचा ‘डोरा’. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे स्वतंत्र रूप दाखवून दिले, तिच्यात साहित्यनिर्मिती व्हावी म्हणून चळवळ उभी केली. असे असता झाडीपट्टीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाटकाची भाषा प्रामुख्याने झाडीबोली नाही. नायक प्रमाण मराठीत बोलतो. नायिका प्रमाण मराठीत रडते. खलपुरुषाची गर्जना तर संगीत नाटकाच्या आणि जुन्या मराठी चित्रपटाच्या भाषेत असते. झाडीबोली येते ती विनोदी पात्रांच्या तोंडी: घरगडी, बावळट गावकरी, त्याची भांडखोर बायको.

याचा दोष सहजच न्यूनगंडावर टाकता येईल. पण बोलीचा विनोदासाठी वापर ही मराठी रंगभूमीची जुनी सवय आहे, आणि तिची सर्वांत यशस्वी साक्ष गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ (१९८०) ही आहे. तेही गावातल्या नाटकाचे नाटक आहे. महाभारतातला प्रसंग उभा करायला निघालेल्या कोकणी गावकऱ्यांची फटफजिती त्यात आहे, आणि तिचे हसू मालवणीतून येते. मात्र ‘वस्त्रहरण’ने मालवणी मुंबईच्या रंगमंचावर नेली. ज्यांची ती भाषा नव्हती तेही तिच्यावर लुब्ध झाले आणि ज्यांची होती ते मुंबईत बसून गावाला हसले. झाडीपट्टीत हसणारे आणि ज्याला हसायचे तो एकाच गावचे आहेत. तेथे बोलीवर हसण्यात अपमान कमी आणि ओळख जास्त असते. ‘वन्स मोअर’ विनोदी नटालाही मिळतो, आणि मंडळे नाटक ठरवताना त्याचे नाव आधी विचारतात. विनोदी भूमिकांसाठी ख्यात असलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीने आपले केंद्र कुठे मानले आहे, हे बाहेरच्यांनाही दिसले.

तरी प्रश्न उरतो, आणि तो संस्कृत नाटकाच्या उदाहरणाने नीट मांडता येतो. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, विदूषक प्राकृत. झाडीपट्टीतली वाटणी वरवर पाहता तीच आहे. पण संस्कृत नाटकात नायिकाही प्राकृतच बोलते. शकुंतलेला दुष्यंत ओळखत नाही, त्या क्षणीचा तिचा संताप आणि तिचे दुःख प्राकृतात आहे. याचा अर्थ असा की, त्या व्यवस्थेत प्राकृताला हास्य जसे दिलेले होते तसा शोकही दिलेला होता. झाडीपट्टीच्या रंगभूमीने नायिकेला प्रमाण भाषेत चढवले. त्यामुळे तिला प्रतिष्ठा मिळाली आणि बोलीच्या वाट्याचा शोक गेला. कनातीत बसलेली बाई ज्या भाषेत आपल्या घरी रडते त्या भाषेत रंगमंचावर कोणी रडत नाही.

यावर असे म्हटले जाते की गंभीर प्रसंगी बोली वापरली तर लोक हसतील. नाटककारांची ही भीती काल्पनिक नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिच्या उच्चाराबरोबर हसू यावे अशी सवय लावली, ती भाषा एका रात्रीत रडवू शकणार नाही. पण ही सवय प्रेक्षकांना नाटकानेच लावली, बोलीने नव्हे. याच गावांत रोवणीच्या वेळी बायका जी गाणी म्हणतात, लग्नात पाठवणीच्या वेळी जे गातात, त्यात बोलीला शोक परका नाही. झाडीबोलीच्या कवींनीही तिच्यात गंभीर कविता लिहिली आहे. रंगभूमी मागे राहिली आहे. त्याचे एक कारण नाटकाच्या रात्रीतच आहे. नाटक पाहुण्यांसाठी आहे, आणि पाहुण्यांसमोर घरची भाषा बोलू नये, ठेवणीतली बोलावी, असे यजमानाला वाटते. ज्या यजमानपणाने ही रंगभूमी जिवंत ठेवली त्यानेच तिची जीभ आवरून धरली, असा हा पेच आहे. तो अभ्यासकांच्या उपदेशाने सुटणारा नाही.

५

यजमानपण टिकणे न टिकणे बाहेरच्या घटनांवरही अवलंबून असते, हे गेल्या काही वर्षांत दिसले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्रात त्या डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू होऊ शकल्या, आणि मे २०२३मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. मधल्या वर्षांत शंकरपटाच्या निमित्ताने होणारा पाहुण्यांचा राबता आटला, तरी मंडईचे नाटक राहिले. करोनाच्या साथीत मात्र जमणेच निषिद्ध झाले, आणि २०२०-२१च्या हंगामाची जवळजवळ धूळधाण उडाली. शहरी रंगभूमीने त्या काळात पडद्यावरून प्रयोग दाखवण्याची खटपट केली. झाडीपट्टीत तशा खटपटीला अर्थ नव्हता, कारण पडद्यावर पाहुणा येत नाही. साथ ओसरल्यावर कंपन्या परत उभ्या राहिल्या. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ (२०२२) या चित्रपटाने या जगाकडे बाहेरच्यांचे लक्ष थोडे वेधले. ‘झाडीवूड’सारखी टोपणनावे रूढ झाली. या नावांत कौतुक आहे. त्याचबरोबर, जी गोष्ट कशाचीच नक्कल नाही तिला नक्कल ठरवण्याची घाईही आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने तातडीचे काम वेगळे आहे. या रंगभूमीच्या संहिता थोड्याच छापल्या गेल्या. बाकीच्या प्रॉम्प्टरच्या वह्यांत आहेत, आणि हंगाम संपला, कंपनी मोडली, की वह्या रद्दीत जातात. पण त्या सर्व मिळवल्या तरी त्यांतून मिळेल ते नायक-नायिकेचे आणि खलपुरुषाचे प्रमाण मराठी. विनोदी नटाचा प्रवेश वहीत अनेकदा दोन ओळींत उरकलेला असतो. त्या दोन ओळींचा अर्धा तास तो रंगमंचावर, त्या गावच्या पाटलाला, पटातल्या बैलाला, समोर बसलेल्या पाहुण्याला हाताशी घेऊन, झाडीबोलीत करतो, आणि दुसऱ्या गावी निराळा करतो. प्रॉम्प्टर तेवढा वेळ वही मिटून बसतो. झाडीपट्टीच्या नाटकात झाडीबोलीने काय काय केले आहे याचा पुरावा त्या मिटलेल्या वहीच्या वेळात आहे. तो ध्वनिमुद्रित करून, गाव आणि तारीख नोंदवून, प्रयोगागणिक ताडून पाहण्याचे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी अजून पद्धतशीरपणे हाती घेतलेले नाही. ते झाले तर एका गोष्टीचा छडा लागण्याची शक्यता आहे: त्या अर्ध्या तासात विनोदी नट कधी तरी, हसू थांबवून, काही बोलला आहे का, आणि बोलला असेल तर तेव्हा कनातीत काय झाले.